पूतना म्हणून मोकळे होऊ नका

२०२५ च्या मार्च महिन्यात मीरतमध्ये एका तरुण नवऱ्याचा खून झाला. मृतदेह प्लास्टिकच्या निळ्या ड्रमात घालून वर सिमेंट ओतलेलं होतं. त्याच्या बायकोला आणि तिच्या मित्राला अटक झाली. जूनमध्ये, मेघालयात मधुचंद्राला गेलेल्या इंदूरच्या एका तरुणाच्या खुनात त्याच्या नव्या नवरीलाच आरोपी करण्यात आलं. दोन्ही प्रकरणांत कोण किती दोषी हे न्यायालय ठरवील. त्यावर मी एक शब्द लिहिणार नाही. मला लिहायचं आहे ते त्यानंतर आपण जे बोललो त्याविषयी. एका लग्नात मित्रांनी नवरदेवाला निळा ड्रम आहेर म्हणून दिल्याची चित्रफीत घराघरांत पोचली आणि लोक पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर गंभीर चेहऱ्याची माणसं पुढे सरसावली. वाहिन्यांवर, व्याख्यानांत, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच मांडणी ऐकू येऊ लागली. बाई पूर्वी सोसणारी होती. ती शिकली, कमावती झाली, हातात मोबाईल आला, कायदे तिच्या बाजूचे झाले, आणि आता ती नवऱ्याच्या जिवावर उठली. वर पुन्हा हे की, बाई एकदा खुनाला उतरली की पुरुषाहून क्रूर होते, कारण ती आतल्या गाठीची असते.

ही मांडणी खोटी आहे. नुसती खोटी असती तर कानाआड केली असती. पण ती घातकही आहे. तिच्या आधारे ना खरोखर खून करणाऱ्या बाईचं मन कळतं, ना तिच्या हातून मरणाऱ्याला वाचवता येतं. आणि मरणाऱ्यांत तान्ही लेकरंही असतात.

हा वाद आपल्या भाषेत नवा नाही. १८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी नावाच्या चोवीस वर्षांच्या ब्राह्मण विधवेने आपल्या नवजात मुलाचा जीव घेतला. सुरतेच्या सत्र न्यायालयाने तिला फाशी सुनावली. पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात ती शिक्षा काळ्या पाण्याच्या जन्मठेपेवर आली आणि शेवटी पाच वर्षांवर. या निमित्ताने 'पुणे वैभव' या सनातनी वळणाच्या पत्राने एकूण स्त्रीजातीच्या नीतीचा पंचनामा मांडला. तो वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलेल्या 'स्त्री-पुरुष तुलना' या पुस्तकाच्या पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. मराठीतलं स्त्रीमुक्तीचं पहिलं मोठं गद्य एका खुनी ठरलेल्या बाईपासून सुरू होतं, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. विजयालक्ष्मी कमावती नव्हती आणि तिच्या बाजूचा एकही कायदा नव्हता. सोसण्याशिवाय तिला काही शिकवलेलं नव्हतं. तरी तिच्या हातून खून झाला. म्हणजे शिक्षणाने बायका खुनी झाल्या, हे म्हणणं पहिल्याच पायरीवर कोसळतं.

आकडे थोडक्यात सांगतो, कारण त्यांनी कुणाचं मन बदलल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाने २०१९ मध्ये जगभरच्या मनुष्यवधांचा जो अभ्यास काढला, त्यात संशयितांपैकी सुमारे ९० टक्के पुरुष आहेत. २०१७ मध्ये नवरा, बायको किंवा प्रेमाच्या जोडीदाराच्या हातून जे मेले त्यांत ८२ टक्के स्त्रिया होत्या. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात हुंडाबळींची नोंद सहा हजारांच्या वर गेली. त्या सहा हजारांतल्या कुणासाठी आहेराच्या विनोदी चित्रफिती निघाल्या नाहीत. उरलेल्या १८ टक्क्यांत जे पुरुष मेले त्यांचं मरण मी हलकं मानत नाही. त्यांनाही आई होती, मुलं होती. पण १८ मरणांसाठी एका अख्ख्या जातीचं मनोविश्लेषण करायचं आणि ८२ मरणांसाठी नाही, हा हिशेब कुठल्या शहाणपणात बसतो?

'बाई दुप्पट क्रूर' हा सिद्धांत लोकांना अनुभवाचा वाटतो. त्याचं मूळ पुस्तकात आहे. इटलीचा चेझारे लोम्ब्रोझो आणि त्याचा सहकारी गुलिएल्मो फेरेरो यांनी १८९३ मध्ये गुन्हेगार स्त्रीवर ग्रंथ लिहिला. कवट्या मोजल्या, तुरुंगातल्या बायकांचे फोटो जमवले आणि निष्कर्ष काढला की, गुन्हेगार हा समाजातला अपवाद आणि गुन्हेगार स्त्री ही गुन्हेगारांतला अपवाद. म्हणून ती दुहेरी अपवाद, म्हणजे राक्षसीण. तर्क नीट बघा. बायका खून कमी करतात, या तिच्या बाजूच्या पुराव्यातूनच तिच्याविरुद्धचा आरोप काढला आहे. पुढे १९५० मध्ये ऑटो पोलाक यांनी म्हटलं की बायका पुरुषांइतकेच गुन्हे करतात, फक्त ते लपून राहतात, कारण मासिक पाळी लपवण्यापासून लपवाछपवी त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. पाळी लपवायला लावणारे आपण, आणि ती लपवते म्हणून तिला कपटी म्हणणारेही आपणच. 'आतल्या गाठीची' हा आपला शब्दप्रयोग त्याच जातकुळीतला आहे. विष हे बाईचं हत्यार, असंही सांगतात. ज्या घरात रांधणं-वाढणं एकाच माणसावर टाकलेलं आहे तिथे त्या माणसाच्या हाताशी ताटच असणार. त्यातून तिच्या स्वभावाबद्दल काही सिद्ध होत नाही. घरातल्या कामाची वाटणी तेवढी सिद्ध होते.

आता माझ्या बाजूच्या मित्रमैत्रिणींकडे वळतो. कारण त्यांचंही मला पटत नाही.

बाईच्या हातून खून झाला की आपल्यातल्या चांगल्या मनाच्या माणसांची पहिली धाव जाते ती 'बिचारी' या शब्दाकडे. नवरा मारत असेल, परिस्थितीने भाग पाडलं असेल, कुणा पुरुषाने फूस लावली असेल. असेलही. पण न बघता तसं धरून चालणं म्हणजे तिच्या डोक्यातलं तिचं डोकं काढून घेणं. मी कोल्हापूरचा. १९९६ च्या नोव्हेंबरात अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, पकडल्या गेल्या तेव्हा आमच्या गल्लीत मुलांना संध्याकाळनंतर उंबरा ओलांडू देत नसत. एसटी स्टँडवर आई मनगट इतकं घट्ट धरायची की वळ उठायचा. १९९० ते १९९६ या काळात तेरा मुलं पळवल्याचा आणि त्यांतली नऊ मारल्याचा आरोप या तिघींवर होता. अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच १९९७ मध्ये कोठडीत मेली. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी दिली, २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पाच मुलांचे खून शेवटपर्यंत सिद्ध राहिले.

आपल्याकडे अशा बाईसाठी शब्द तयारच होता: पूतना. शब्द सापडला आणि आपण विचार करायचे थांबलो. त्या बायका काय करत होत्या ते एकदा शांतपणे बघू. त्या जत्रांत, देवळांत, बाजारात, गर्दीच्या जागी पाकीट आणि दागिने मारत. चोरी करताना कडेवर मूल असलं की संशय येत नाही आणि पकडलं गेलं तरी लोक बाळाकडे बघून सोडून देतात, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. म्हणून त्या मुलं पळवत. कोल्हापुरात त्यांच्यातली एक चोरी करताना पकडली गेली तेव्हा जमावाचं लक्ष उडवण्यासाठी कडेवरचं तान्हं मूल जमिनीवर आपटण्यात आलं. गर्दी रडणाऱ्या, रक्ताळलेल्या मुलाभोवती जमली आणि त्या निसटल्या. मूल उपयोगी राहिलं नाही, किंवा रडून अडचण करू लागलं, की त्याला मारून टाकत.

यात वेडाचा झटका नाही. पुरुषाची फूसही मुख्य नाही. रेणुकाचा नवरा या टोळीत होता, तो माफीचा साक्षीदार होऊन सुटला. पण बेत आखणाऱ्या या बायका होत्या. अंजनाबाईला नवऱ्याने टाकलं होतं, हे खरं. त्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसारातल्या मुलीचाही अंजनाबाईच्या सूडात बळी गेला आणि तिच्या आईच्या तक्रारीवरूनच तपासाला वाट मिळाली, हेही खरं. पण टाकलेल्या बायका महाराष्ट्रात हजारोंनी आहेत. त्या धुणीभांडी करतात, शेतात राबतात, दुसऱ्याचं लेकरू स्वतःच्या लेकराबरोबर वाढवतात. परित्यक्तेचं दुःख या खुनांचं कारण म्हणून सांगणं हा त्या सगळ्यांचा अपमान आहे.

मग त्या मनाचं खरं नाव काय? माझं उत्तर असं: त्या मनात दुसरा जीव ही वस्तू झाली होती. पिशवी, छत्री, मूल. आणि असं मन बायकांचं खास नसतं. १९७६-७७ मध्ये पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड झालं. अभिनव कला महाविद्यालयाच्या चार विद्यार्थ्यांनी दहा माणसं मारली, बहुतेकांना नायलॉनच्या दोरीने गळा आवळून. मेलेल्यांशी त्यांचं वैर नव्हतं. घरातला ऐवज हवा होता आणि माणसं मधे होती. १९८३ च्या नोव्हेंबरात येरवड्याला चौघे फासावर गेले. त्यावर आजवर कितीतरी लिहिलं गेलं. तरुण पिढीचं काय होणार, व्यसनांचं काय, चंगळवादाचं काय, असे प्रश्न विचारले गेले. पण 'पुरुषजातीला झालंय तरी काय' असा मथळा माझ्या वाचनात आला नाही. पुण्यातले ते चौघे हे चार खुनी होते. रेणुका आणि सीमा मात्र दोन खुनी राहिल्या नाहीत. त्या 'स्त्रीचं दुसरं रूप' झाल्या, 'मातृत्वाला काळिमा' झाल्या, 'देशात फासावर जाणारी पहिली स्त्री कोण' या चर्चेचा विषय झाल्या.

आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. गावित बहिणींचं हत्यार कुठलं होतं? आपली समजूत. कडेवर मूल असलेली बाई वाईट असूच शकत नाही, ही तुमची-माझी, पोलिसांची, देवळातल्या भाविकांची श्रद्धा. आज जे गृहस्थ आईच्या काळजाचे गोडवे गातात आणि उद्या खुनी बाईला राक्षसीण म्हणतात, त्यांच्या त्या गोडव्यांवरच या टोळीने सहा वर्षं धंदा केला. मूल रडतंय, त्याला उन्हातान्हात हिंडवलं जातंय, कधी हे मूल तर कधी ते. कुणीतरी विचारायला हवं होतं, बाई, हे लेकरू तुझंच का? कुणी विचारलं नाही. पळवलेली मुलं बहुतेक गरिबांची होती, त्यांच्या शोधासाठी रस्त्यावर उतरायला कुणी नव्हतं. बाईला देवी मानण्याची किंमत त्या मुलांनी मोजली. पूतना ही त्याच नाण्याची मागची बाजू आहे.

२०२२ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने या दोघींची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. दया अर्जावर सरकारने सात वर्षं, दहा महिने आणि पंधरा दिवस घालवले, या कारणावरून. त्या निर्णयावर अनेकांना राग आला. मला नाही आला. ज्या राज्याला या बायकांना राक्षसीण म्हणायला वेळ होता, त्याला कागद पुढे सरकवायला आठ वर्षं पुरली नाहीत, एवढंच त्यातून दिसलं.

आता दुसऱ्या टोकाची बाई बघू. हिचं नाव वर्तमानपत्रात फार तर एक दिवस येतं. अविवाहित मुलगी, विधवा, नाहीतर नवरा परगावी असलेली. दिवस गेलेले कुणालाच कळू दिलेलं नाही, कित्येकदा स्वतःच्या मनालाही नाही. एका रात्री संडासात, गोठ्यात, वसतिगृहाच्या न्हाणीघरात एकटी बाळंत होते, आणि तासाभरात ते मूल मेलेलं असतं. फिलिप रेझनिक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९७० मध्ये अशा खुनांचा वेगळा वर्ग केला: जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांतला. त्याचं म्हणणं साधं होतं. पहिल्या दिवशी मारणारी आई आणि नंतर कधी मारणारी आई, यांची मनं वेगळी असतात. पहिल्या दिवसाच्या खुनात बहुधा वेड नसतं, सूड नसतो. भीती आणि नकार असतो. त्यानंतरच्या काळात मारणाऱ्या आयांमध्ये मात्र गंभीर मनोविकार पुष्कळदा सापडतो.

आपल्या मराठी मुलखात हे रेझनिकच्या शंभर वर्षं आधी एका माणसाला कळलं होतं. काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा जोतीराव फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शास्त्रीबुवांपासून तिला दिवस गेले. शास्त्रीबुवांनी हात वर केले. तिने बाळाला मारून विहिरीत टाकलं आणि तिला काळ्या पाण्याची जन्मठेप झाली. फुल्यांनी तिला ना पूतना म्हटलं, ना नुसते अश्रू ढाळले. १८६३ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि विधवांनी गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावं, मूल न्यावं की ठेवावं हे त्यांच्या इच्छेवर, अशा जाहिराती लावल्या. १८८४ पर्यंत तिथे ३५ विधवा आल्या. त्या ३५ जणी विजयालक्ष्मी झाल्या नाहीत. गुन्ह्याचं मन समजणं म्हणजे काय, याचं याहून चोख उदाहरण मला ठाऊक नाही. खुनाला नेणारी भीती कुठली हे त्यांनी ओळखलं आणि त्या भीतीच्या वाटेवर एक दार उघडून ठेवलं.

तिसरी आई आजारी असते. हजार बाळंतिणींत एक-दोघींना बाळंतपणानंतर, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, वेडाचा तीव्र झटका येतो. झोप उडते, कानात आवाज येतात, हे मूल आपलं नाही, याच्यात सैतान आहे, हे मेलं तरच सुटेल, असं खरं वाटू लागतं. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. वेळेवर दवाखान्यात नेलं तर बहुतेक बायका बऱ्या होतात. पण आपल्याकडे घरातली म्हणतात, 'हिला बाहेरचं झालंय', आणि अंगारा लावतात. नाहीतर म्हणतात, 'नखरे आहेत, आम्ही नाही का बाळंत झालो?' मग एक दिवस बातमी येते: 'निर्दयी मातेने...' ती बातमी लिहिणाऱ्याला माझा प्रश्न आहे. निर्दयी कोण? जिला स्वतःचं भान नव्हतं ती, की पंधरा दिवस तिला जागी बघून डॉक्टरकडे न नेणारं घर?

इंग्लंडने १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३८ मध्ये बालहत्येचा स्वतंत्र कायदा केला. वर्षाच्या आतलं मूल आईने मारलं आणि त्या वेळी बाळंतपणामुळे तिचं मानसिक संतुलन ढळलेलं होतं असं दिसलं, तर तो खून न धरता सदोष मनुष्यवध धरायचा. आपल्याकडे राज्यकर्ते तेच होते, पण ती तरतूद इकडे आली नाही. स्वातंत्र्यानंतरही आली नाही. २०२४ मध्ये दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली; तिच्यातही नाही. जन्म लपवण्याचं कलम आहे, मूल टाकून देण्याचं आहे. जन्मल्यावर मारलं की मात्र सरळ खून, आणि वेड सिद्ध करता आलं तरच सुटका. वेड आणि शहाणपण यांच्या मधे जी विस्कटलेली, झोप न मिळालेली, घाबरलेली बाळंतीण आहे, तिच्यासाठी आपल्या कायद्यात एक ओळ नाही.

आणि विहिरीची बाई. मुलांना कमरेला बांधून विहिरीत उडी घेणारी. मराठवाड्यात, खानदेशात, नगर-सोलापूरकडे ही बातमी वाचली नाही असा वाचक नसेल. कधीकधी ती वाचते आणि मुलं जातात. मग तिच्यावर खुनाचा खटला. तमिळनाडूत अशाच एका बाईचा खटला १९८९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे आला. तिकडे नल्लतंगाळ नावाच्या बाईची लोककथा आहे. उपासमार आणि अपमान सोसून ती सात लेकरांसह विहिरीत उडी घेते. न्यायालयाने त्या कथेचा आधार घेऊन म्हटलं की, प्रक्षोभ एका क्षणाचाच असतो असं नाही. तो महिनोन्‌महिने साठत गेलेलाही असू शकतो, आणि त्याचा विचार व्हायला हवा. आपल्या न्यायव्यवस्थेत बाईच्या मनाच्या इतक्या जवळ गेलेले निकाल थोडे आहेत.

कारण कायद्यातला राग हा पुरुषाच्या रागाच्या मापाने शिवलेला आहे. गंभीर आणि अचानक प्रक्षोभ झाला तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. यातला 'अचानक' हा शब्द बघा. अंगात ताकद असलेला माणूस अचानक मारू शकतो. ज्याच्यापुढे आपण हरणार हे माहीत आहे, त्याच्यावर कोण अचानक हात टाकेल? ती तो झोपेपर्यंत थांबते. आणि थांबली म्हणून कायदा म्हणतो, थंड डोक्याने केलं.

२७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातले कमांडर नानावटी यांनी बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या. जहाजावर जाऊन पिस्तूल आणलं होतं, म्हणजे मधे वेळ गेला होता. तरी ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. 'ब्लिट्झ' हे साप्ताहिक त्यांच्या बाजूने उभं राहिलं आणि अर्धी मुंबई त्यांच्यामागे होती. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा दिली ती योग्यच, पण १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी देऊन त्यांना सोडलं. त्याच्या शेजारी किरणजित अहलुवालिया ठेवा. लग्न होऊन इंग्लंडला गेलेली पंजाबी बाई, दहा वर्षं नवऱ्याचा मार खाल्लेली. १९८९ मध्ये एका रात्री त्याने तापलेली इस्त्री तिच्या चेहऱ्याला लावली. तो झोपल्यावर तिने त्याच्या पायांवर पेट्रोल ओतून पेटवलं. काही दिवसांनी तो मेला. तिला जन्मठेप झाली. १९९२ मध्ये ती सुटली, पण ती फार घाबरलेली होती म्हणून नव्हे, मनाने आजारी होती असा वैद्यकीय पुरावा मान्य झाला म्हणून. तिला बाहेर काढायला कायद्याला तिला रोगी ठरवावं लागलं. पुढे इंग्लंडने हा कायदा बदलला, 'अचानक' ही अट काढली आणि हिंसेची भीती हेही कारण मानलं. आपल्या न्याय संहितेत तो शब्द जसाच्या तसा आहे.

मला विचारलं जाईल, म्हणजे नवऱ्याला जाळणं क्षम्य? नाही. माणूस मेला आहे आणि शिक्षा झालीच पाहिजे. मी शिक्षा माफ करा म्हणत नाही, गुन्हा नीट ओळखा म्हणतो. कडेवरचं मूल आपटणारी टोळी, न्हाणीघरात एकटी बाळंत झालेली मुलगी, बाळंतवेडात भान हरपलेली आई, दहा वर्षं मार खाऊन पेटलेली बायको आणि प्रियकराच्या साथीने बेत करून नवरा संपवणारी बाई, या पाच जणींची मनं पाच आहेत. २००४ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या न्यायालयाच्या आवारात कस्तुरबा नगरच्या बायकांच्या जमावाने त्यांच्या वस्तीला छळणाऱ्या अक्कू यादव या गुंडाला मारलं. पोलिसांकडे वर्षानुवर्षं दाद न मिळालेल्या वस्तीचं मन हे सहावं. पुरुष खुन्यांचे प्रकार करताना कुणाचा हात अडखळत नाही: दरोडेखोर, माथेफिरू, भाऊबंदकीतला, दारूच्या नशेतला. बाईची वेळ आली की मात्र एकच प्रकार उरतो, बाई.

सुरुवातीच्या निळ्या ड्रमाबद्दलही माझं हेच म्हणणं आहे. आरोप सिद्ध झाले तर कायद्यात आहे ती पूर्ण शिक्षा त्या बाईला व्हावी, बाई म्हणून एक दिवसाचीही सूट नको. पण ती शिक्षा तिची आहे. तिच्या शाळेची, पगाराची, मोबाईलची, किंवा तुमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीची नाही.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. महाराष्ट्र विधिमंडळाने २०२१ च्या डिसेंबरात स्त्रियांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक मंजूर केलं, म्हणजे केंद्राच्या कायद्यात आपल्या राज्यापुरती दुरुस्ती मागण्याचा रस्ता आपल्या आमदारांना चांगला माहीत आहे. माझी त्यांना विनंती आहे: येत्या हिवाळी अधिवेशनात, नागपूरला, दोन दुरुस्त्या मांडा. बाळंतपणानंतरच्या वर्षात आईच्या हातून झालेल्या बालहत्येचं स्वतंत्र कलम, आणि प्रक्षोभाच्या अपवादातून 'अचानक' या शब्दाची सक्ती काढणं. त्यासोबत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळंतिणीच्या मनाची तपासणी पहिल्या दोन आठवड्यांत सक्तीची करा. आशाताई घरी जातच असतात, त्यांना चार प्रश्न शिकवा. फुल्यांनी सरकारची वाट न बघता १८६३ मध्ये दार उघडलं होतं. तुमच्या हातात तर सरकार आहे.